कृतज्ञ म्हणजे जाणणारा

आजचं वचन : लूक १७:११–१९



आजचा भाग आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. शोमरोन आणि गालील यांच्या हद्दीवरचं एक गाव, लांब उभे राहिलेले दहा कुष्ठरोगी, त्यांनी मारलेली हाक. येशू म्हणतो, जा आणि याजकांना दाखवा. ते निघतात आणि वाटेतच बरे होतात. एक जण मोठ्याने देवाचं गौरव करत परत येतो, येशूच्या पायाशी पालथा पडतो. आणि तो शोमरोनी असतो. बाकी नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. उत्तर कोणी देत नाही.

लहानपणी याचा अर्थ अगदी सरळ होता : थँक यू म्हणायला विसरू नका. नऊ वाईट मुलं, एक चांगला मुलगा. पण आता पस्तिशीत हा भाग वाचताना मला त्या नऊ जणांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांनी चूक काय केली? येशूने सांगितलं तेच तर केलं. लेवीय १३ आणि १४ वाचलंत तर कळेल की याजकाने 'शुद्ध' म्हटल्याशिवाय त्यांना घरात पाऊल टाकता येत नव्हतं. किती वर्षं गावाबाहेर काढली असतील. कुणाचं मूल तेवढ्यात चालायला लागलं असेल, कुणाची आई गेली असेल. अशा वेळी माणूस सरळ घरच गाठणार ना? ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर नऊ जणांनी टिकेट नियमाप्रमाणे क्लोज केलं.

मग त्या एकात वेगळं काय होतं? मला वाटतं, उत्तर पंधराव्या वचनात आहे आणि आपण ते पटकन ओलांडून जातो. तो परत फिरला, पण त्याआधी त्याने पाहिलं. आपण बरे झालो आहोत हे त्याने पाहिलं. बरे दहाही जण झाले होते, पण 'पाहिलं' हे क्रियापद लूकने एकालाच दिलंय. लेवीयच्या तेराव्या अध्यायातही पाहणंच पाहणं आहे. याजक चट्टा पाहतो, माणसाला सात दिवस बंद ठेवतो, पुन्हा पाहतो. ते पाहणं तपासणीचं, दाखल्यासाठीचं. शोमरोन्याने दाखल्याची वाट न बघता वाटेतच स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, फक्त वापरून वापरून तो गुळगुळीत झालाय. कृतज्ञ. कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केलं गेलं ते ज्याला माहीत आहे, तो कृतज्ञ. यात 'भारावून जाणं' कुठेच नाही. डोळ्यांत पाणी येणं नाही, वर्शिपच्या वेळी अंगावर येणारा काटाही नाही. जाणणं आहे. याचा उलटा शब्द कृतघ्न, म्हणजे केलेलं मारून टाकणारा. तो मात्र फारच कठोर आहे. आपण बहुतेक जण या दोन शब्दांच्या मधे कुठेतरी असतो. आपण मारत नाही, पण आपल्याला माहीतही नसतं.

हे 'माहीत नसणं' म्हणजे काय, ते कुष्ठरोगाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. आधी एक खुलासा. बायबलमध्ये हा शब्द त्वचेच्या बऱ्याच विकारांसाठी येतो. लेवीयमध्ये तर कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही तो होतो. त्यामुळे तो आणि आजचा कुष्ठरोग, ज्याचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्ये नॉर्वेत शोधला, एकच असतील असं नाही. पण आपल्या भागात हा रोग गोष्टीतला नाही. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले, आधी सांगलीत छोटा दवाखाना चालवला, आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. सांगली-मिरज रस्त्यावरून जाताना वानलेसवाडी हे नाव आपण रोज वाचतो, पण ते माणसाचं आडनाव आहे हे कितीकांच्या लक्षात येतं कुणास ठाऊक. मिरजेच्या याच मिशनच्या वैद्यकीय कामाच्या परंपरेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयही येतं.

माझं घर साताऱ्याचं आणि आजोळ सांगलीचं, त्यामुळे मिरजेच्या या दवाखान्यांबद्दल लहानपणापासून कानावर पडत आलंय. माझीही खूप वर्षं समजूत होती की या रोगात बोटं सडून गळतात. तसं नसतं. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. तिथे त्यांनी रुग्णांचे हात-पाय बारकाईने बघून जे दाखवून दिलं ते असं : रोग नसांवर हल्ला करतो आणि त्या जागेची संवेदना जाते. मग गरम पातेलं उचललं तरी चटका कळत नाही. चपलेत खडा गेला तरी दिवसभर माणूस त्याच्यावरच चालतो. जखम होते, चिघळते, वाढते, आणि दुखत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. बोटं जातात ती बरीचशी अशा न कळलेल्या जखमांमुळे.

आज यावर चांगली औषधं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचार सुचवले. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की जंतू मरतात, आणि ही औषधं फुकट मिळतात. पण एकदा गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. माणूस बरा असतो आणि बधिर असतो. म्हणून अशा माणसाला एक साधी सवय शिकवतात. रोज पाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, आणि तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा नजरेने तपासायच्या. लाल झालंय का? फोड आहे का? भेग पडलीय का? चप्पल घालण्याआधी ती झटकायची आणि आत हात घालून बघायची. जे काम कातडी आपोआप करत होती, ते आता डोळ्यांनी ठरवून करायचं. रोज, आणि काही वाटत नसतानाच, कारण 'वाटणं' हीच गोष्ट बंद पडलेली असते.

मला उपकारस्तुतीबद्दल इतकं स्पष्ट शिक्षण दुसरीकडे मिळालेलं नाही.

आपण काय म्हणतो? "आज मनापासून प्रार्थना नाही झाली." "कृतज्ञता वाटलीच नाही यार." जसं काही वाटणं आधी यायला हवं आणि बघणं नंतर. पण सुखाला माणूस फार लवकर बधिर होतो. हे पाप आहे की शरीराचा नियम, यावर वाद घालता येईल. मला तो बराचसा नियमच वाटतो. अंगातला सदरा आपल्याला पाच मिनिटांनी जाणवत नाही. नळाचं पाणी, चालणारे गुडघे, महिन्याच्या शेवटी खात्यात येणारा पगार, "जेवलास का?" म्हणून येणारा आईचा फोन, हे सगळं असंच. दुखलं किंवा थांबलं की मात्र लगेच कळतं.

मी ज्या कामात आहे त्यात याचा रोज अनुभव येतो. सर्व्हर पडला की रात्री अडीचला फोन वाजतो. तो वर्षभर नीट चालला म्हणून कोणी कुणाला उठवत नाही. आपलं मन असंच रचलेलं दिसतं : अलर्ट फक्त बिघाडाचे. पण चांगल्या सिस्टीममध्ये आणखी एक गोष्ट असते, हेल्थ चेक. काहीही बिघडलेलं नसताना, दर काही सेकंदांनी, एक मशीन दुसऱ्याला विचारतं, "आहेस ना?" दुसरं म्हणतं, "आहे." एवढंच. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकायचा (दानीएल ६:१०). राजाची मनाई निघाली त्या दिवशीही त्याने तेच केलं, कारण ते आधीपासून चालू होतं. संकट आल्यावर पहिल्यांदा गुडघे टेकणाऱ्याची प्रार्थना देव ऐकत नाही असं मी म्हणत नाहीये. पण दानीएलचं पाहणं नेमाचं होतं.

इथे एक फाटा फुटतो आणि त्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपल्या वयाचे लोक त्यात अडकतात. ग्रॅटिट्यूड जर्नल. ॲपवर रोज तीन गोष्टी लिहा, झोप सुधारेल, ताण कमी होईल. सुधारत असेलही, माझी तक्रार नाही. पण आभार हे माझ्या झोपेसाठी असतील तर ते आभार कोणाचे? शोमरोनी परत आला तेव्हा त्याला कातडीपुरतं जे मिळायचं ते मिळून गेलेलं होतं. परत येण्यात वेळ गेला, घर आणखी लांब पडलं. आभाराला पत्ता लागतो. त्याला तो ठाऊक होता आणि त्या पत्त्यावर तो पायाने चालत गेला.

पत्ता म्हटलं की एक मित्र मला नेहमी चिडवतो. म्हणतो, "ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, रात्रभर जागली नर्स, आणि क्रेडिट देवाला?" प्रश्न वाजवी आहे. माझं म्हणणं असं की आभार हे काही वाटणीचं बिल नाही, की देवाला ऐंशी टक्के दिले तर नर्सच्या वाट्याला वीस उरतील. त्या शोमरोन्याने गौरव देवाचं केलं आणि लोटांगण समोर उभ्या असलेल्या माणसापुढे घातलं. लूकला त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसत नाहीत. त्यामुळे जो देवाचे आभार मानतो आणि नर्सचं नाव विचारत नाही, त्याने अजून पुरतं पाहिलेलं नाही असं मला वाटतं. मराठीत आपली एक अडचण आहे हेही खरं. घरात आईला 'आभारी आहे' म्हटलं तर ती विचारेल, "बरा आहेस ना?" आणि 'उपकार' हा शब्द आपण बोलताना टोमण्यासाठीच जास्त वापरतो : "मोठे उपकार केलेस!" बायबलमधला 'उपकारस्तुती' शब्द म्हणूनच कानाला जरा पुस्तकी लागतो. पण न बोलता दाखवायच्या आपल्या रीती आहेतच. नाव लक्षात ठेवणं, घोटभर चहा पाजल्याशिवाय न सोडणं, निघताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणणं.

आणि परत आलेला तो एकच माणूस बाहेरचा होता. साताऱ्याच्या माणसाला इथे रेव्हरंड टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये ते वारले आणि ते काम त्यांच्या मनात होतं तसं वाढू शकलं नाही. पण आतले कोण आणि बाहेरचे कोण, हा त्यांचा प्रश्न लूकच्या या अध्यायातलाच आहे. देवाच्या लोकांनी देवाला ओळखायला हवं होतं, आणि ओळखलं परक्याने.

आता सगळ्यात अवघड भाग. आभार चुकीचेही असू शकतात.

लूकने पुढच्याच अध्यायात (१८:९–१४) आणखी एक आभार मानणारा माणूस उभा केलाय. मंदिरात उभा राहून तो परूशी देवाचे आभारच मानतो. कशासाठी? मी इतरांसारखा नाही यासाठी, आणि विशेषतः त्या कोपऱ्यातल्या जकातदारासारखा नाही यासाठी. दोन अध्याय, दोन उपकारस्तुती. एकाची नजर त्याला मिळालेल्या कृपेवर आहे, दुसऱ्याची शेजाऱ्याच्या कमतरतेवर.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हरभट रोड, गणपती पेठ, सगळं पाण्याखाली. वर आमच्या सातारा जिल्ह्यात कोयना धरण १०५ टीएमसीचं. जुलैत "कोयना भरत आली" ही बातमी आम्ही आनंदाने एकमेकांना पाठवतो. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, आणि तेच पाणी पुढे सांगलीत येतं. एकाच पावसाबद्दल एका जिल्ह्यात आभार आणि दुसऱ्यात धसका.

माझ्या मावशीचं घर तळमजल्यावर होतं. ती बाहेर पडली अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एका पिशवीनिशी. त्याच दिवसांत एका व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यात तीसुद्धा होती, मेसेज येत होते : प्रभूने आमच्या घराचं रक्षण केलं, पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं, प्रभूची स्तुती असो. लिहिणारी माणसं चांगली होती, घाबरलेली होती, त्यांची सुटका खरी होती. पण मावशीने ते वाचून एकच विचारलं. "मग माझ्या गल्लीत तो नव्हता का रे?"

मी इंजिनिअर आहे, थिऑलॉजियन नाही. देवाने पाणी इथे का थांबवलं आणि तिथे का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून मी लांब राहतो. पण एवढं मला पटलंय की "मी वाचलो" याबद्दल आभार मानता येतात, "मला वाचवलं, त्यांना नाही" याबद्दल नाही. पहिल्या वाक्यात कोणी शेजारी लागत नाही. दुसरं वाक्य शेजाऱ्याच्या बुडण्यावरच उभं आहे. आणि पहिलं वाक्य खरं असेल तर त्याला पाय फुटतात. पाणी उतरल्यावर ज्यांची घरं कोरडी होती त्यातले पुष्कळ जण खराटे, फावडी, पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन पेठांमध्ये उतरले. मावशीच्या घरातला गुडघाभर चिखल काढायला आलेल्या मुलांपैकी एकही आमच्या मंडळीचा नव्हता. पुन्हा शोमरोनी.

मग जिचं घर बुडलं तिने काय करायचं? १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ हे वचन तिला कोणीतरी पाठवलंच. नीट वाचलं तर पौल प्रत्येक गोष्टी'साठी' आभार माना असं म्हणत नाही, प्रत्येक परिस्थिती'मध्ये' माना असं म्हणतो. चिखलासाठी नाही, चिखलात. हा फरक व्याकरणाचा वाटतो, पण पूरग्रस्ताला विचारा.

यासाठी माझ्या मनात हबक्कूकचा तिसरा अध्याय येतो, शेवटची तीन-चार वचनं. शेवटी तो आनंद करतो हे आपल्याला पाठ असतं. पण त्याआधी तो काय करतो? यादी करतो. अंजीर नाही, द्राक्ष नाही, जैतून बुडाला, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एकेक नाव घेऊन. हा तर पंचनामा आहे! तलाठी आले तेव्हा मावशीनेही असाच सांगितला. शिलाई मशीन, दोन गाद्या, मिक्सर, लोखंडी कपाट, वर्षाचे गहू, लग्नातला फोटो अल्बम. अल्बमचे पैसे मिळत नाहीत, तरी तिने तो सांगितला. आणि घरच्या वहीत त्याच पानावर, खाली, तिने दुसरी नावं लिहून ठेवली : कोणी चार दिवस झोपायला जागा दिली, कोणी भाकरी-पिठलं आणलं, कोणी मोटर लावून पाणी काढलं. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाली, "विसरायला होतं."

लक्ष देणं म्हणजे चांगलं तेवढंच वेचणं नव्हे, हे मी त्या पानावरून शिकलो. गोठा रिकामा आहे तर रिकामाच म्हणायचा. जे नीट बघतात त्यांनाच दोन्ही याद्या लिहिता येतात. दुसरी यादी पहिलीची भरपाई करत नाही, दोघींची बेरीज शून्य यावी असा तो हिशेब नव्हताच.

तुम्ही पुण्या-मुंबईत, बंगळुरात, घाईत हे वाचत असाल. मी काय करतो ते सांगतो, नियम म्हणून नाही. रात्री बूट काढताना मी दिवसातला एक हात आठवतो, म्हणजे ज्या हाताने माझ्यासाठी काही केलं तो. सोसायटीच्या वॉचमनचा, पावसात खांबावर चढलेल्या वायरमनचा, माझा कोड बारकाईने तपासून चूक दाखवणाऱ्या सहकाऱ्याचा. नाव माहीत असेल तर नाव घेतो, नसेल तर दुसऱ्या दिवशी विचारतो. कधी मन भरून येतं, बहुतेक वेळा काहीच वाटत नाही. तरी बघतो. तळवे तपासणारा माणूस काही वाटेल म्हणून तपासत नसतो.

मावशीने आता घरातली पेटी आणि मशीन माळ्यावर नेलंय. पावसाळ्यात सकाळी उठली की ती आधी मोबाईलवर आयर्विन पुलाची पातळी बघते, मग बायबल उघडते. आमच्या मामांना हा क्रम उलटा हवा असतो. मला तिचाच बरोबर वाटतो.

उद्याचं वचन : लूक १७:२० पासून पुढे.